एका शिंगाचा नंदी

"घरीच काहून नाही शिवला?"

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की आता कोणी तोंड उघडलं तरी मी उत्तर तयार ठेवते. मी शिवणकाम करते. पवनीच्या पुढं, रस्त्यापासून जरा आत आमचं गाव आहे आणि गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या मशीनवरून जातात. अशा बाईनं पोरीसाठी आत कापूस भरलेलं एक कापडी जनावर भंडाऱ्याच्या दुकानातून सव्वीसशे रुपये मोजून आणलं, म्हणजे लोक बोलणारच. रेणूचं डोकं फिरलं, असं माझ्या सख्ख्या नणंदेनं फोनवर म्हटलं. डोकं फिरलं नव्हतं, तापलं होतं. ते का तापलं ते सांगते.

आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळ्याला खरे बैल मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन निघतात. या लाकडी बैलाला नंदी म्हणायचं. दारात नंदीचे पाय धुतात, हळदकुंकू लावतात, पोराच्या हातावर थोडे पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. संध्याकाळी सगळे नंदी चौकात तोरणाखाली रांगेनं उभे राहतात, कोणाला बक्षीस मिळतं, कोणाला नुसता खाऊ. गावातल्या कितीतरी पोरी आपला नंदी घेऊन येतात. आमच्या घरात मात्र माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा, वेगळा कायदा होता. घराला नंदी एकच आणि तो नातवाचा. नातू म्हणजे माझ्या भासऱ्यांचा, मोठ्या दिरांचा, मुलगा गोलू. माझी गुड्डी गोलूपेक्षा चार महिन्यांनी मोठी, पण ती पडली मुलगी.

यंदा मामाजींनी गोलूसाठी नवा नंदी करून घेतला. पवनीच्या सुताराकडं दोनदा जाऊन आले. सागाचं लाकूड, शिंगांना पितळी टोपणं, खाली चार चाकं, आणि मागच्या पुठ्ठ्यावर गोलूचं नाव कोरलेलं. नंदी घरी आला त्या दिवशी आमच्या घरी सण असल्यासारखी माणसं जमली. मामाजी प्रत्येकाला नाव दाखवत होते आणि प्रत्येक जण नावावरून बोट फिरवून पाहत होता. केवढ्याला पडला, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही विचारलं तेव्हा.

मग ठरलं की नंदीची झूल रेणूनं शिवायची. लाल मखमल आणून दिली, जरीची लेस आणून दिली. शिलाईचं कोणी बोललं नाही, घरचंच काम होतं. मी झूल मन लावून शिवली. कामाशी माझं भांडण नव्हतं. गुड्डी मशीनजवळ बसून लेस हातावर गुंडाळून घेत होती. तिनं आदल्याच दिवशी आजोबांना विचारलं होतं, "आबाजी, मले नंदी?" आणि आबाजी हसून म्हणाले होते, "पोट्टीले कायचा नंदी बाई? तू गोलूच्या नंदीची दोरी धरजो."

झूल संपत आली तेव्हा गुड्डी म्हणाली, "आई, यातलं उरलं तं मी आपला बैल करू?"

मी म्हटलं, "कायचा बैल?"

"कागदाचा करीन ना. मखमल उरली तं त्याले झूल."

उरलं तर! सात वर्षांची पोर, आणि तिला हे आधीच माहीत होतं की तिच्या वाट्याला येतं ते उरलेलं. शिकवलं कोणी? मीच. गुड्डीचा एकही फ्रॉक ताग्यावरून कापलेला नाही. कोणाच्या ब्लाउजाचं वाचलेलं, कोणाच्या परकराचं काठाकडचं, असं जोडून जोडून मी तिला सजवत आले. तिच्या वाढदिवसाच्या फ्रॉकला छातीवर मधोमध शिवण आहे, कारण कापड पुरलं नव्हतं, आणि सगळ्यांना मी ती फॅशन म्हणून सांगितली. मला त्या क्षणी इतकी चीड आली की मी मशीन थांबवली. उरलेला मखमलीचा तुकडा गोळा करून गोलूच्या आईच्या हातात नेऊन दिला आणि गुड्डीला म्हटलं, "तुह्या बैल मी आणून देतो. विकतचा. नवा कोरा."

बोलून गेले. पण बोलले ते मागं घेणारी मी नाही.

सुताराकडं जाण्यात अर्थ नव्हता. तो मामाजींच्या उठण्याबसण्यातला, पहिला चहा पिण्याच्या आत घरी खबर आली असती. भंडाऱ्याच्या एका दुकानाची जाहिरात गुड्डीनं माझ्या फोनवर बघितली होती. तिथं आपलं जनावर आपण निवडायचं, त्याच्या पोटात कापूस आपल्यासमोर भरतात, पायावर आपलं नाव टाकून देतात. गुड्डीला नावाचंच वेड होतं. गोलूच्या नंदीवर गोलूचं नाव होतं ना. आमच्या बचत गटाला शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं होतं, त्याचे माझे पैसे आले होते. एका सोमवारी मी गुड्डीला घेऊन एसटीत बसले. घरी सांगितलं, दोरे-बटणं आणायला जातो.

दुकानात थंडगार हवा आणि इंग्रजी गाणी. भिंतभर खुंट्या आणि खुंट्यांना रिकाम्या पोटाची जनावरं लटकलेली. अस्वलं, ससे, कुत्रे, एक डायनासोर. बाहेरच्या फलकावर भाव बघून मला वाटलं होतं, हे तर जमण्यासारखं आहे. तो भाव म्हणजे नुसत्या कातड्याचा. बाकी सगळं वेगळं.

"बैल आहे का?" मी विचारलं.

काउंटरवरची मुलगी विशीची असेल. ती म्हणाली, "बैल नाहीये मॅडम. युनिकॉर्न आहे, खूप चालतो."

तो युनिकॉर्न म्हणजे पांढरंशुभ्र घोड्यासारखं काहीतरी, मानेवर रंगीत केस, कपाळावर सोनेरी शिंग. एकच. गुड्डी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हलेना.

"आई, याले शिंग हाये."

"एकच हाये बाई."

"दुसरं टकरीत मोडलं असन," गुड्डी म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "जिंकला असन हा."

मी तो खुंटीवरून काढून घेतला. काउंटरवरच्या मुलीनं त्याला कापसाच्या यंत्राला लावलं, गुड्डीला पायानं कळ दाबायला लावली, आणि ते चपटं कातडं फुगायला लागलं. गुड्डी मध्येच थांबून त्याच्या पोटावर थाप मारायची, बाजारात बैल पाहताना माणसं मारतात तशी, आणि म्हणायची, "अजून खाऊ द्या. उपाशी दिसते." ती मुलगीही हसली. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग तिनं धंदा सुरू केला, आणि तो माझ्याशी नाही, गुड्डीशी. "बेबी, याला बोलायला नको का? तुझा आवाज आत टाकू?" "बेबी, याला थंडी वाजेल ना, कपडे नको?" "बेबी, याला शूज?" प्रत्येक वेळी गुड्डी माझ्याकडं बघायची. मागायची नाही, नुसती बघायची. पोराच्या तोंडून आईचा खिसा उघडायची ही पद्धत ज्यानं कोणी शोधून काढली असेल त्याच्या घरी लेकरं नसावीत. वीतभर जाकीट होतं एक, त्याची किंमत माझ्या चार ब्लाउजांच्या शिलाईहून जास्त! मी ते हातात घेतलं आणि परत ठेवलं.

"ताई," मी म्हटलं, "भाव मले सांगा. पोरीले विचारू नका. पैसे तिच्याजवळ नाहीत, माह्याजवळ हायेत."

मुलीचा चेहरा उतरला. तिची काही चूक नव्हती, तिला तसंच शिकवलं असणार. तिनं सगळे भाव सांगितले. आवाज मी नको म्हटला, गुड्डी बोलकी आहे, तिला यंत्राची गरज नाही. कपडे-बूट नको म्हटले, बैलाला बूट कोण घालतं? नाव मात्र हवं म्हटलं. मराठीत नाव टाकायची सोय त्यांच्या मशीनला नव्हती. त्यावर मी बराच वाद घातला, शेवटी इंग्रजी अक्षरांत का होईना, माझ्या पोरीचं नाव त्याच्या मागच्या पायावर उमटलं. निघताना मुलीनं माझ्या पिशवीतली कापडाची टेप आणि कात्री पाहिली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिवता ना? मग हे तर तुम्ही घरीच..."

म्हणजे दुकानवालीनंसुद्धा!

"माह्या पोरीले विकतचं पाह्यजे," मी म्हटलं. पैसे देताना नोटा दोनदा मोजल्या. पण दिल्या. आणि तिथून थेट कापडाच्या दुकानात जाऊन मखमल घेतली. हिरवी, ताग्यावरून कापून, पुरून उरेल इतकी. झूल मी शिवणारच होते. शिवायला माझी कधी ना नव्हती.

एसटीत गुड्डीनं त्याला खिडकीशी बसवलं. नाव ठेवलं चमक्या. कंडक्टरनं विचारलं, याचं तिकीट कोण काढणार, तर गुड्डीनं त्याला खरंच उत्तर दिलं, "तो पाच वर्षांच्या आत हाये."

घरी पोचण्याच्या आधी माझ्या नवऱ्याचा, भुपेंद्रचा फोन आला. त्याला मी दुकानातून फोटो पाठवला होता. तो म्हणाला, "बाबांनी विचारलं तं तीनशे सांग. जास्त सांगू नको." आमच्याकडं ही जुनीच रीत आहे. बाई काही घेऊन आली की भाव कमी करून सांगायचा, साडी असो की चपला. मीही आयुष्यभर तसंच करत आले. पण गोलूच्या नंदीचा भाव कोणी लपवला नव्हता, कारण कोणी विचारलाच नव्हता. मग मी कशाला लपवू?

मामाजी ओसरीत बसले होते. सासूबाई शेंगा निवडत होत्या. गुड्डीनं चमक्याला पिशवीतून काढून आजोबांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "आबाजी, माह्या नंदी."

मामाजींनी तो बघितला. "हे काय होय? घोडा हाये का गाढव?" मग माझ्याकडं वळले. "केवढ्याचा?"

"सव्वीसशेचा," मी म्हटलं.

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मामाजी म्हणाले, "सव्वीसशे? एवढ्यात तं बोकड्याचं पिल्लू येते! कापूसच भरून आणाचा होता तं तुह्या हाताले काय झालं होतं? घरी शिवता नाही आला?"

"येत होता. नाही शिवला."

"काहून?"

"गोलूचा नंदी केवढ्याले पडला, मामाजी?"

मामाजी माझ्याकडं बघू लागले. जणू मी काही भलतंच बोलले. गोलूची आई आतून दारात येऊन उभी राहिली. मामाजींनी घसा खाकरला. "तो सागाचा हाये. पिढ्या जातीन तरी काही होणार नाही त्याले. आन् तो घरात राह्यन. पोट्टी उद्या दुसऱ्याच्या घरी जाईन."

"मग हा जाईन तिच्यासंग," मी म्हटलं. "तिचाच हाये तं."

त्या दिवशी मामाजी माझ्याशी पुढं बोलले नाहीत. भुपेंद्रही फुगून बसला, तीनशे सांग म्हटलं होतं ना. मी हिरवी झूल शिवायला घेतली. राग असला की माझी टीप फार सरळ येते.

चमक्याचं मी एक केलं मात्र. दुकानातल्या मुलीनं बजावलं होतं, पाणी लावू नका, डाग पडू देऊ नका, हा धुता येत नाही. म्हणून मी त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलमारीवर ठेवला. गुड्डीनं मागितला की मी हात धुवून ये म्हणायचे. जेवताना नको, अंगणात नको. सव्वीसशे रुपये मी भांडून खर्च केले होते, पण त्यांची भीती काही माझ्या मनातून गेली नव्हती. पोर बिचारी खाली उभी राहून आलमारीवरच्या पिशवीशी बोलायची.

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मी चमक्याला खाली काढला, झूल घातली. भुपेंद्र जवळ आला. चार दिवसांत पहिल्यांदा नीट बोलला.

"हातात धरून नेला तं बाहुली म्हणतीन लोकं," तो म्हणाला. "नंदीले चाकं पाह्यजेत."

आणि त्यानं जुन्या कूलरच्या स्टँडची चाकं काढून फळीला ठोकली, फळीवर चमक्याला सुतळीनं बांधला, दोरी लावून दिली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

दारात रांगोळी होती. गोलूचा नंदी पाटावर उभा, लाल झूल, पितळी शिंगं लखलखत होती. खरंच देखणा होता. सासूबाईंनी लोट्यानं त्याचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, मामाजींनी पुरणपोळीचा घास दाखवला आणि गोलूच्या हातावर नोट ठेवली. गोलू पाया पडला. शेजारपाजारच्या बायका पाहत होत्या, त्यांची लेकरं नंदी घेऊन खोळंबली होती.

मग गुड्डीनं दोरी ओढली. कूलरची चाकं करकरली आणि चमक्या पाटासमोर येऊन उभा राहिला. गुड्डीनं हात पुढं केला, गोलूनं केला होता तसाच.

मामाजींनी थाळी उचलली आणि आत वळले. "खेळण्याची पूजा नसते," ते म्हणाले.

गुड्डीचा हात तसाच पुढं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. ती वाट पाहत होती, जणू आबाजी थाळी भरून आणायलाच आत गेले आहेत.

"लाकडाचं असलं तरी तेही खेळणंच हाये, मामाजी," मी म्हटलं. साऱ्या बायकांदेखत म्हटलं. "थाळी द्या इकडे."

मामाजींनी दिली नाही. त्यांनी ती सासूबाईंच्या हातात कोंबली आणि ओसरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, पाठ करून. मी सासूबाईंच्या हातातली थाळी धरली. त्यांनी क्षणभर सोडली नाही. माझ्याकडं पाहिलं, गुड्डीकडं पाहिलं, मग सोडली. लोटा त्यांनी स्वतःच उचलून माझ्या दुसऱ्या हातात दिला.

मी कुंकवात बोट बुडवलं. तेवढ्यात गुड्डी म्हणाली, "आई, आधी पाय धू ना. गोलूच्याचे धुतले."

आणि मी थांबले.

हे सांगायला मला आवडत नाही, पण थांबले. माझ्यासमोर त्या क्षणी पोर नव्हती, ते पांढरंशुभ्र कातडं होतं, आणि त्याच्यावर पडणारं पाणी आणि त्यात उतरणारं कुंकू. धुता येत नाही म्हणाली होती दुकानातली मुलगी. एवढं भांडून, एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू मी आपल्या हातानं नासवू? शेजारची देवकाबाई बोललीच, "अवो रेणू, पाणी नको टाकू वो! खराब होईन ना, इतक्या पैशाचा!" चार दिवस जी मला गावभर उधळी म्हणत फिरत होती, तिला आता पैशाची काळजी!

त्या बोलण्यानंच मी भानावर आले. सव्वीसशे रुपयांचं खेळणं कोरडं राहील, आलमारीवर राहील, पांढरं राहील. नंदीचे पाय धुतात. मला काय हवं होतं? माझी पोर मला काय मागत होती?

"होऊ दे खराब," मी म्हटलं आणि लोटा ओतला.

चारही पायांवर ओतला. चोळून धुतले, खऱ्या बैलाचे धुवावे तसे. कपाळावर, शिंगाच्या मुळाशी, हळदीचं बोट ओढलं आणि त्यावर कुंकू लावलं. पांढऱ्या कापडावर ते लगेच पसरलं, गुलाबी होत डोळ्यापर्यंत ओघळलं. बायका च् च् करत होत्या. गुड्डीनं वाकून त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"आता झाला," ती म्हणाली.

बोजारा आमच्या दारात तिला मिळाला नाही. भुपेंद्रनं खिशात हात घातला, पण मी त्याला मानेनंच नको म्हटलं. बोजारा दारातला मोठा माणूस देतो आणि मोठा माणूस पाठ करून उभा होता. ती उणीव मला झाकायची नव्हती, सगळ्यांना दिसू दे. मी गुड्डीला म्हटलं, "चल. गावात दारं लय हायेत."

पहिल्या दारात हसू झालं. घोडा आणला का गं पोळ्याला? एकाच शिंगाचा? गुड्डी प्रत्येकाला सांगत होती, दुसरं टकरीत मोडलं, हा जिंकला. पण कपाळावर हळदकुंकू लागलेला, पाय धुतलेला नंदी दारात आला की त्याला तसाच पाठवत नाहीत आमच्याकडं. हसणारी बाईच हसत हसत आत जायची आणि लोटा घेऊन यायची. दुसऱ्या दारात पाणी, तिसऱ्या दारात पाणी. कोणी कुंकू पाठीवर लावलं, कोणी पोळीचा तुकडा तोंडाला चोळला, तूप लागलं. देवकाबाईच्या दारात आम्ही पोचलो तर ती आधीच लोटा घेऊन उभी होती, माझ्याकडं न बघता. गुड्डीची मूठ बोजाऱ्यानं भरली आणि चमक्याची पार दशा झाली. चौकात पोचेपर्यंत तो चिखलणी करून आलेल्या बैलासारखा दिसत होता. मला त्याच्याकडं पाहून हसू यायला लागलं आणि थांबेना.

चौकात तोरण बांधलं होतं, माइक लावला होता. कृष्णराव दरवर्षी तान्हा पोळा भरवतात, रांगही तेच लावतात. त्यांनी चमक्याला पाहिलं आणि माइक बाजूला धरून मला म्हणाले, "रेणूबाई, लाकडाचा पाह्यजे. कापडी चालत नाही."

"कोण म्हटलं?"

"कोण म्हणन? आतापर्यंत लाकडाचेच आले."

"आतापर्यंत कोणी कापडी आणला नव्हता. आता आणला."

"बक्षिसात नाही धरता येणार, सांगून ठेवतो."

"बक्षीस नका देऊ. रांगेत जागा द्या."

ते डोकं खाजवत उभे राहिले. मागून पोरं ढकलत होती, सकाळी निघालेल्या मारबतीच्या मिरवणुकीचा धुरळा अजून बसला नव्हता, गोंधळ होता. गुड्डीनं त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं दोरी ओढली आणि गोलूच्या नंदीला लागूनच आपला नंदी लावला. दोघांनी एकमेकांच्या झुली सारख्या केल्या. लेकरांना काही वाटत नाही.

मामाजी समोरच्या ओट्यावर मोठ्या माणसांत बसले होते, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं होतं आणि नजर दुसरीकडं नेली होती.

कृष्णराव माइक घेऊन रांगेतून निघाले. प्रत्येकासमोर थांबून विचारायचे, "कोणाचा नंदी?" आणि लेकरू ओरडून घरच्या मोठ्या माणसाचं नाव सांगायचं. लोक टाळ्या वाजवायचे. गोलू ओरडला, "नत्थूजी तितिरमारे यांचा!" ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मामाजींच्या पाठीवर थापा मारल्या.

माइक गुड्डीसमोर आला. "आन् हा कोणाचा नंदी?"

गुड्डी दोरी मुठीला गुंडाळत राहिली. आबाजींचं नाव तिनं घ्यावं असं मला वाटत नव्हतं आणि माझं नाव तिथं कोणी कधी घेतलेलं नव्हतं.

"सांग ना बाई. कोणाच्या घरचा?"

"माह्या हाये," गुड्डी म्हणाली.

माइकमधून ते चौकभर घुमलं. लोक हसले. कृष्णरावही हसले. "अवो पण तू कोणाची? नत्थूभाऊचीच ना? नत्थूभाऊचा नंदी तं हा उभा हाये. एका घरचे दोन कसे?"

"तो गोलूचा. हा माह्या. माह्या मायनं घेतला, पैसे देऊन. नाव पण हाये माह्यं."

आणि तिनं चमक्याचा मागचा पाय उचलून दाखवला. कुंकवानं आणि तुपानं माखलेला, अक्षरं जेमतेम दिसत होती.

हसणं कमी झालं. कृष्णरावांना काय करावं कळेना. त्यांनी ओट्याकडं पाहिलं, दोन पावलं गेले आणि माइक मामाजींच्या तोंडासमोर धरला. "नत्थूभाऊ, तुमीच सांगा आता. तुमच्या घरचा निकाल तुमी करा."

सारा चौक मामाजींकडं बघत होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि नजर काढली नाही. नाही म्हणाले असते तर मी तिथंच, त्याच माइकवर बोलले असते, काय बोलायचं तेही जिभेवर आलं होतं. मामाजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. गुड्डीनं पाय अजून उचलूनच धरला होता.

"मले काय विचारता?" मामाजी म्हणाले. "तिचा हाये म्हणते ना ती? तं तिचाच हाये."

रागानं म्हणाले की कसं, ते मला अजून कळलेलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण माइकवर म्हणाले, आणि साऱ्या गावानं ऐकलं.